आरक्षणाचा तक्ता

गोखिवऱ्याच्या रेंज ऑफिसपासून रिक्षाने वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरणाऱ्या चाकरमान्याला रेल्वेकडून हवी असते ती माहिती अगदी त्रोटक: गाडी कोणत्या फलाटावर लागणार आणि किती उशिराने. तेवढी देण्यासाठी त्याचे नाव-गाव विचारण्याचे प्रयोजन रेल्वेला दीर्घकाळ पडले नाही. बी. बी. अँड सी. आय. या रेल्वे कंपनीने १८६७च्या एप्रिलात विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू केली, जिच्या मार्गावरील स्थानकांच्या यादीत वसई ‘बेसिन’ म्हणून नोंदलेली होती; पुढे पिढ्यान्‌पिढ्या खिडकीतून मिळालेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर दर्जा, अंतर, भाडे व क्रमांक असे, मात्र धारकाचे नाव नसे.

नावाचा प्रवेश झाला तो लांब पल्ल्याच्या आरक्षणातून. संगणकाने छापलेला लांबलचक तक्ता डब्याच्या दाराशी चिकटवला जाई आणि ‘चार्ट लागला का?’ असे विचारीत माणसे त्याच्याभोवती गोळा होत, बोट फिरवीत आपला क्रमांक शोधीत. ही सोय निःसंशय मोठी होती. परंतु शायिकेच्या क्रमांकापुढे नाव, लिंग आणि वयही असे, आणि आडनावावरून जातीधर्माचा अदमास बांधण्यात आपली मंडळी किती तरबेज आहेत हे सांगावयास नको. एकट्या तरुणीची जागा कोणती, हे सर्व फलाटाला कळावे, यात कोणासही वावगे वाटत नव्हते, याचेच मला नवल वाटते.

मोठ्या स्थानकांवर डब्यांवर तक्ते चिकटवणे १ मार्च २०१८पासून प्रायोगिक तत्त्वावर थांबले, ते मुख्यतः कागद वाचवण्याच्या हेतूने. अब्रूचा विचार त्यात कितपत होता, हा प्रश्नच आहे, जरी आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता. २०१९पासून तक्ता संकेतस्थळावर आला, त्यात डब्याची आकृती व रिकाम्या शायिका दिसतात, नावे दिसत नाहीत. आणि प्रवाशाची गैरसोय झाल्याचे ऐकिवात नाही.

गाडीच्या ठावठिकाण्याचेही तसेच. इस्रोच्या सहकार्याने इंजिनांवर बसवलेली यंत्रे दर तीस सेकंदांनी आपली जागा कळवितात. ती गाडीची खबर झाली, प्रवाशाची नव्हे. याउलट, २०२२मध्ये रेल्वेची तिकिटे ऑनलाइन विकणाऱ्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीपासून उत्पन्न मिळवण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली. गदारोळ झाला, ऑगस्टात ती मागे घेण्यात आली. पण संसदीय समितीपुढे कारण सांगितले गेले ते विदा-संरक्षण विधेयक संमत न झाल्याचे. तसा कायदा पुढच्याच वर्षी, २०२३मध्ये, संमत झाला.