नौकेचे दिवे का दगा देतात?

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील तारोडी, डोंगरी, चौक, पाली, उत्तन या परिसरातील किनारा डोल जाळ्यांच्या मासेमारीसाठी ओळखला जातो. १ जूनपासून पावसाळी बंदी लागू होते, नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि डागडुजीला आरंभ होतो. इंजिन, फळ्या व जाळी यांच्याबरोबरच दिव्यांची तारजोडणी तपासण्याचा हाच योग्य काळ होय.

रात्री मोठ्या जहाजावरील पहारेकऱ्याला लहान नौका दिसत नाही. दिसतात ते तिचे दिवे. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालत्या यांत्रिक नौकेच्या डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा, तर मागे व डोलकाठीवर पांढरा दिवा लागतो. डोलकाठीवरील त्या दिव्याऐवजी, मासेमारी करणारी नौका चहूबाजूंनी दिसणारा लाल व त्याखाली पांढरा दिवा लावते. ट्रॉलरचा वरचा दिवा हिरवा असतो. समोरून येणाऱ्या नौकेचा हिरवा दिवा बंद असेल तर केवळ लाल दिसतो आणि ती आडवी जात असल्याचा समज होतो. अशा वेळी अर्धवट दिवे चुकीची खबर देतात.

दोष कसा शोधावा?

सर्व दिवे एकाच वेळी बंद पडले, तर दोष बहुधा बॅटरी, मुख्य फ्यूज, मुख्य स्विच किंवा सामाईक परतीच्या तारेत असतो. एकच दिवा बंद असेल, तर त्याचा बल्ब, होल्डर, स्विच व तार तपासावी. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

बल्ब शाबूत असूनही दिवा लागत नसेल, तर बल्ब होल्डरमध्ये ठेवून व स्विच चालू करून मल्टिमीटरने दाब मोजावा. बल्ब काढून मोजल्यास गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण दाब दिसतो आणि फसगत होते. चालू स्विचच्या दोन टोकांमधील दाब जवळजवळ शून्य हवा. तेथे १२ व्होल्ट दिसले तर स्विच आतून तुटलेला आहे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर संपर्कबिंदू जळले किंवा गंजले आहेत. बॅटरीच्या ऋण टोकापासून होल्डरच्या ऋण टोकापर्यंतही दाब नगण्य असावा. अन्यथा परतीची तार सदोष आहे.

खारी हवा हा खरा शत्रू. तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तार आवरणाच्या आत काळी पडते. दाब दहा टक्क्यांनी घटला तरी साध्या बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणूनच मिणमिणता दिवा हाही दोषच समजावा.

दुरुस्ती करताना

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. काळी पडलेली तार चकाकते तांबे दिसेपर्यंत कापावी. नवी तार शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा समुद्रात टिकत नाही. दाबून बसवलेला जोड व त्यावर गोंदयुक्त, उष्णतेने आकसणारी नळी अधिक टिकाऊ ठरते. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवू नये. त्याने तार तापून आग लागू शकते.

जुन्या दिव्यात एलईडी बल्ब बसवताना धन-ऋण टोके पाहावीत. रंगीत काचेमागे पांढरा एलईडी ठेवल्यास रंग बदलू शकतो, म्हणून त्या दिव्यासाठीच बनवलेला बल्ब वापरावा. काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओत खरखर येते. दिवा चालू-बंद करून ते ताडून पाहावे.

समुद्रात जाताना सुटे बल्ब, योग्य फ्यूज व विजेरी सोबत असावी. बंदर सोडण्यापूर्वी तांडेलाने दिवे लावून नौकेभोवती एक फेरी मारावी. किनाऱ्यावर सापडलेला दोष काही मिनिटांत दूर होतो. तोच दोष रात्री जहाजांच्या वाटेवर उघड झाला तर खलाशांच्या जिवावर बेतू शकतो.