भोगवटादार कोण? संचालकांच्या जबाबदारीची दीडशे वर्षं

पोलादपूरहून महाडकडे येताना सावित्री आपल्या सोबत असते, आणि मग बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसू लागतात. या दोन तालुक्यांतला माणूस पूर्वी मुंबईच्या गिरणीत जायचा. आज त्याचा नातू इथेच रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जातो. कारखान्याच्या दारावर कंपनीचं नाव असतं. पण कंपनी ही कायद्याने घडवलेली व्यक्ती. तिला तुरुंगात टाकता येत नाही. मग चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

सुरुवातीला कायद्याला काळजी होती ती पैशाची. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरचा फुगा फुटला. बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचं भांडवल होतं, सरकारने नेमलेले संचालकही होते. तरी 1868 साली ती गुंडाळावी लागली. चौकशी आयोग बसला, आणि संचालकांनी कर्जांवर नजरच ठेवली नव्हती हे उघड झालं.

पुढे 1913 च्या कंपनी कायद्यात तरतूद होती, की कंपनी बुडाली तर गैरकारभार करणाऱ्या संचालकाकडून न्यायालय भरपाई वसूल करू शकेल. त्यातूनही पळवाट निघाली. कंपन्या आपल्या नियमावलीतच लिहून ठेवायच्या, की संचालकांवर जबाबदारी नाही! 1936 च्या दुरुस्तीने अशी कलमं रद्दबातल ठरवली. 1973 साली सुप्रीम बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वरवर पाहणाऱ्यालाही जे दिसेल, त्याकडे संचालकाला डोळेझाक करता येणार नाही. संचालक वारला तरी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती वसुली होऊ शकते, हेही त्याच खटल्यात ठरलं.

आपल्या रायगडात हा प्रश्न घराघरात पोचला तो 2010 साली, रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले तेव्हा. ती सहकारी बँक, म्हणून तिथे 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा लागू. त्याच्या कलम 88 मध्ये संचालकांकडून नुकसान वसूल करण्याची सोय आहे. पण कलम असणं वेगळं आणि ठेव हातात पडणं वेगळं, हे ठेवीदारांना विचारा.

हे झालं पैशाचं. माणसाच्या जिवाचं काय?

1948 च्या कारखाने कायद्यात एक शब्द आहे, भोगवटादार. कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा, तो भोगवटादार. सुरक्षेची जबाबदारी त्याची. प्रत्यक्षात काय व्हायचं? कंपनी मॅनेजरचं नाव लिहून मोकळी व्हायची. यंत्र दुरुस्तीला पैसे द्यायचे की नाही हे ठरवणार संचालक मंडळ, आणि अपघात झाला की कोर्टात उभा राहणार पगारी मॅनेजर.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळ घडलं, आणि मग 1987 ला कायदा बदलला. कंपनीचा कारखाना असेल तर कोणीतरी एक संचालकच भोगवटादार मानला जाईल, असं त्यात आलं. कंपन्या कोर्टात गेल्या. 1996 साली जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. कंपनीने कुणाचंच नाव दिलं नाही, तर निरीक्षक कोणत्याही एका संचालकावर कारवाई करू शकतो, इथपर्यंत न्यायालय गेलं. संचालकाला बचाव आहेच. आपण पुरेशी दक्षता घेतली होती आणि खरा दोषी अमुक आहे, हे त्याने सिद्ध केलं तर तो सुटतो. पण सिद्ध त्याने करायचं.

आणि शिक्षा? या कायद्याखाली सुरक्षेच्या नियमभंगातून माणूस मेला, तरी दंडाची किमान रक्कम 25,000 रुपये होती. आकडा लक्षात ठेवा.

2013 च्या कंपनी कायद्यात कलम 166 आलं आणि हे दोन प्रवाह एकत्र आले. आपल्या सावित्रीला काळ नदी मिळते ना, तसे. संचालकाने भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहायचं, असं त्यात लिहिलं आहे. भंग झाला तर दंड 1 लाख ते 5 लाख. पण एकत्र येऊन दाद मागण्याचा मार्ग त्याच कायद्याने दिला तो सभासदांना आणि ठेवीदारांना. कामगाराचं हित पाहायचं, पण कामगाराने त्या वाटेने विचारायचं नाही!

नोव्हेंबर 2023 मध्ये महाडच्या वसाहतीत एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार गेले. दोष कुणाचा आणि किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. ते आम्ही इथे करणार नाही. पण अशा वेळी घरच्यांना भरपाईचा चेक कंपनी देते. तो घेतल्यावरही एक प्रश्न उरतो: हे टाळणं कुणाच्या हातात होतं?

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. तिथेही भोगवटादार संचालकच, फक्त स्वतंत्र संचालकांना त्यातून वगळलं आहे. म्हणजे भोपाळनंतर मिळवलेली गोष्ट टिकली आहे.

तेव्हा जाता जाता एवढंच. तुमच्या घरातलं कोणी वसाहतीत पाळीवर जात असेल, तर कारखान्याच्या नोंदणीच्या कागदावर भोगवटादार म्हणून कुणाचं नाव आहे ते विचारून ठेवा. अपघातानंतर विचारलं जाणारं नाव आधीच विचारलं गेलं, तर त्या नावाच्या माणसालाही रात्री एकदा फोन करून कारखान्याची चौकशी करावीशी वाटेल.