शपथेचा फोटो

भोर-वेल्ह्याच्या आडरस्त्यांवर गाडी कुठेही थांबवा, समोर इतिहास उभा असतो. आणि तोही फोटोला उभा राहिल्यासारखा. तोरणा छाती काढून उभा. राजगड तर सुवेळा माचीच्या नेढ्यातून चक्क डोळा मिचकावतो. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले, त्यांत राजगड आहे. तेव्हापासून तो जरा जास्तच ताठ दिसतो, असे आमच्या सौ.चे मत.

रायरेश्वराचे मात्र निराळे. तो उभा राहत नाही, आडवा पसरतो. भोरहून आंबवडे, कोर्ले करीत वर जावे, केंजळगडाकडे पाठ करून लोखंडी शिडी चढावी, धाप लागावी, आणि समोर काय? तर साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवर एक लांबच लांब पठार. तट नाही, बुरूज नाही. शंकराचे एक साधे देऊळ, गोमुखाचे पाणी, थोडी शेती आणि जंगमांची घरे. देऊळ घ्यावे तर पठार सुटते, पठार घ्यावे तर नुसते आभाळ येते. शेवटी मी सौ.ला मध्ये उभी केली.

"मागे काय येतंय?"

"स्वराज्य."

फोटो बघून ती म्हणाली, "दिसत नाहीये."

आता दिसणार कसे? १६४५ साली पंधरा वर्षांच्या शिवाजीराजांनी सवंगड्यांसह इथे स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. किल्ल्याचा निदान चुना उरतो. शपथेचे काय उरणार?

पण मी पडलो कॉमर्सचा माणूस, त्यातून बँकेतला कारकून. आधी व्हाउचर मागणार! व्हाउचर आहे. दादाजी नरसप्रभू देशपांड्यांना राजांनी लिहिलेले म्हणून १६४५चे एक पत्र प्रसिद्ध आहे. पण त्यात देवाचे नाव रोहिरेश्वर; आणि पत्र अस्सल की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. म्हणजे नावात फरक आणि कागद शंकास्पद. काउंटरवर असा चेक आला असता तर मी चहा पिता पिता परत केला असता.

देवळाजवळ एक आजी शेण थापत बसल्या होत्या. त्यांना विचारले, "आजी, शपथ नक्की इथंच घेतली ना?"

"मग काय पुन्यात घेतली व्हय?" त्या म्हणाल्या आणि पुढची गोवरी थापली.

बिनतोड! तरीही मला आजींहून मोठा साक्षीदार सापडला, तो खाली खोऱ्यात. खाते उघडल्याचा फॉर्म गहाळ झाला तरी लेजर बोलतेच. १६५९ साली अफझलखान चालून आला. कारीच्या कान्होजी जेध्यांना विजापूरचे फर्मान आले : खानाला सामील व्हा. नाही म्हणणे म्हणजे घरादारावर नांगर. याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला मिळालेसुद्धा. कान्होजी मात्र मुलांना घेऊन राजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले.

वतनावर पाणी! आमच्याकडे एफडी मुदतीआधी मोडायची म्हटली तर माणूस तीनदा घरी जाऊन येतो. कारण काय, तर एक टक्का व्याज जाते. इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुद्दल गेले, आणि तेही परतफेडीची हमी नसताना. समोर खान होता, हाती फक्त एका एकोणतिशीच्या तरुणाचा शब्द होता. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. कान्होजींना निघताना ते ठाऊक नव्हते.

उतरताना आंबवड्याला कान्होजींच्या समाधीपाशी थांबलो. शपथ कोणत्या देवळात घेतली यावर विद्वानांनी खुशाल भांडावे. ती वटली कुठे, याबद्दल वाद नाही. ती या खोऱ्यात वटली.