पुस्तकातली भीती

दिवाळी हा दिव्यांचा सण. पण दिवाळी अंक हाती आला, की आमच्या घरची मुले आधी भुताची गोष्ट शोधतात! या आवडीला खतपाणी घातले ते नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी. मतकरींनी भय माणसाच्या मनात शोधले. धारपांनी परदेशी भयकथाही मराठी घरात आणून वसवल्या. अमेरिकेच्या स्टीफन किंग यांची १९८४ सालची एक आजीची कथा धारपांच्या हाती ‘आजी’ झाली. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटातली म्हातारी तिच्याच गोतातली.

गेल्या दिवाळीत चिचगडला रात्री ही ‘आजी’ मी मोठ्याने वाचली. बाहेर रानाचा काळोख होता. धाकटीने हळूच विचारले, “बाबा, कोपऱ्यावरच्या घरात एकटी राहते ती आजीपण अशीच असेल का हो?”

मी पुस्तक मिटले. वाचकहो, करणीच्या संशयाने आपल्याकडे खऱ्या माणसांचे जीव गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले, आणि २०१३ साली त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुस्तकातली भीती पुस्तकाबरोबर मिटली पाहिजे. ती शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसता कामा नये.

सकाळी फराळाचे ताट मी धाकटीच्याच हाती त्या आजींकडे धाडले. पोर बऱ्याच वेळाने परतली, ती त्यांच्या हातचा लाडू खात!