बसतो, पण चालत नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. माझा संगणक २०१६ साली घेतलेला, कंपनीकडून जुळवून आलेला तयार डबा. आत इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबला आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. नातवाने शोधून काढले की माझ्या मदरबोर्डचे सॉकेट एलजीए ११५१ आहे आणि आठव्या पिढीचेही तेच! खाऊच्या पैशांतून त्याने जुन्या बाजारातून एक प्रोसेसर आणला. तो अगदी अचूक बसला. पंखा फिरला, पण पडदा काळाच.

"आजी, बसलाय की नीट. मग चालत का नाही?"

आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे 'का' असे विचारले की मला मागे जावे लागते.

१९८१च्या आयबीएम पीसीमध्ये ८०८८ प्रोसेसरशेजारी एक खोबण मुद्दाम रिकामी ठेवलेली असे. आकडेमोडीसाठी ८०८७ ही चिप नंतर घेऊन तिथे बसवायची. पुढे १९९१मध्ये इंटेलने ४८६एसएक्ससाठी ४८७ ही अशीच मदतनीस चिप काढली. प्रत्यक्षात तो संपूर्ण ४८६ प्रोसेसरच होता. तो बसला की मूळ प्रोसेसर गप्प होई आणि सगळा कारभार हाच पाही. सातारा आणि पुणे शिकवलेल्या बाईला यात नवल वाटले नाही.

नव्वदीच्या मध्यावर सॉकेट ७ आले. ती जणू धर्मशाळाच होती. इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-६, सायरिक्सचा ६एक्स८६, सगळे तिथे उतरत. पण तिथेही मेख होती. जुना पेंटियम साधारण ३.३ व्होल्टवर चाले, तर १९९७च्या पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागत. बोर्डाला असे दोन वेगळे दाब देता येत नसतील तर खोबण जुळूनही उपयोग नसे. त्याच वर्षी इंटेलने पेंटियम २साठी स्लॉट १ काढला आणि धर्मशाळेतून मुक्काम हलवला. १९९९मध्ये एएमडीने स्लॉट ए काढला. त्याचा सांगाडा स्लॉट १चाच, फक्त उलटा फिरवलेला, पण आतली विजेची जोडणी निराळी.

२००४मध्ये एलजीए ७७५ आले. हा आकडा म्हणजे संपर्कबिंदूंची संख्या. २००६चा कोअर २ ड्युओ त्याच सॉकेटात बसे, पण ९१५ चिपसेटच्या बोर्डावर चालत नसे.

माझ्या संगणकाची गोष्ट याच वळणाने गेली. २०१५ची सहावी पिढी आणि २०१७च्या सुरुवातीची सातवी पिढी एकाच बोर्डावर चालू शकत. ऑक्टोबर २०१७मध्ये आठवी आली. बिंदू तेवढेच ११५१, पण तिला ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्डच हवा. आय-७ चारऐवजी सहा गाभ्यांचा झाला, वीज अधिक लागणार, म्हणून काही बिंदूंची कामे बदलली, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते. पण हौशी मंडळींनी बायॉसमध्ये फेरफार करून, काही बिंदूंवर चिकटपट्टी लावून, हेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले! उलट एएमडीच्या २०१७च्या कित्येक एएम४ बोर्डांवर २०२२मध्ये नव्या बायॉसने २०२०चे प्रोसेसरही चालू लागले. काही बोर्डांत मात्र बायॉसच्या चिपमध्ये जागा अपुरी पडल्याने जुन्या प्रोसेसरांची नावे गाळावी लागली.

नातवाला मी शाळेच्या भाषेत सांगितले. सॉकेट म्हणजे बाक. बायॉस म्हणजे पट. बाक रिकामा असला तरी पटावर नाव नसेल तर हजेरी लागत नाही. आणि तयार संगणकात हा पट कंपनीच्या हाती. स्वतः विकलेल्या मॉडेलांपुरतीच नावे ती बहुधा लिहिते. वीजपुरवठा आणि उष्णता काढणारा पंखाही तेवढ्याच बेताचा. ६५ वॅटच्या घरात ९१ वॅटचा पाहुणा आणला तर तो उपाशी तरी राहतो किंवा तापतो.

म्हणून वाचकहो, पैसे देण्याआधी सॉकेटच्या आकड्यावर थांबू नका. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये मॉडेलचे आणि बोर्डाचे नाव दिसते, बायॉसची आवृत्तीही दिसते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहितीपुस्तिका काढा. त्यात कोणते प्रोसेसर, किती वॅटचे, ते पाहा. त्याच मॉडेलमध्ये कंपनीने जो प्रोसेसर विकला असेल तो सर्वांत निर्धोक.

माझ्या डब्यात सातव्या पिढीचा आय-५ कदाचित चालला असता, पण विंडोज ११च्या यादीत तोही नाही. शेवटी नातवाने जुना आय-३ परत बसवला आणि त्यावर लिनक्स टाकून दिले. हा लेख त्यावरच टंकते आहे. प्रोसेसरचे पैसे मी त्याला देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "फी समज, आजी," म्हणाला.

असो.