स्टेरिओ गिटार विवर्धन

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा विद्युत् संकेत दोन स्वतंत्र विवर्धकांकडे (संकेताची शक्ती वाढविणाऱ्या साधनांकडे) पाठवून व त्यांचे ध्वनिक्षेपक एकमेकांपासून काही अंतरावर ठेवून ध्वनीला रुंदी व खोली यांचा आभास आणण्याच्या पद्धतीस ‘स्टेरिओ गिटार विवर्धन’ म्हणतात. एकच संकेत जसाच्या तसा दोन सारख्या विवर्धकांना दिल्यास मिळते ते केवळ दुहेरी विवर्धन होय. दोहोंतून निघणाऱ्या ध्वनींत तीव्रता, काळ किंवा स्वरगुण यांपैकी कशाचा तरी भेद असेल, तरच त्याला खऱ्या अर्थाने स्टेरिओ म्हणता येते. हा भेद कोठे व कसा निर्माण करावयाचा, या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी दिली गेलेली उत्तरे म्हणजेच या पद्धतीचा इतिहास होय.

श्रवणविषयक आधार : ध्वनी कोणत्या दिशेकडून येतो हे माणसाला दोन कानांमुळे कळते. लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांनी १९०७ मध्ये असे प्रतिपादन केले की, कमी कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) ध्वनीची दिशा दोन कानांवर तो पोहोचण्यातील काळाच्या फरकावरून, तर जास्त कंप्रतेच्या ध्वनीची दिशा तीव्रतेतील फरकावरून ओळखली जाते. हा काळाचा फरक जास्तीत जास्त ०·७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. पुढे हेल्मूट हास या जर्मन संशोधकांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आल्यास काय होते, याचा अभ्यास मांडला. हे अंतर सुमारे १ ते ३० मिलिसेकंद असल्यास कानाला दोन ध्वनी ऐकू येत नाहीत. दोहोंचा मिळून एकच भरीव ध्वनी भासतो आणि तो आधी पोहोचलेल्या ध्वनीच्या दिशेने आल्यासारखा वाटतो. दोन विवर्धक वापरणाऱ्या वादकाला याचा लाभही होतो आणि उपसर्गही होतो.

पूर्वेतिहास : दोन मार्गांनी ध्वनी नेण्याचा पहिला मोठा जाहीर प्रयोग क्लेमां आदेर (१८४१–१९२५) यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथील विद्युत् प्रदर्शनात केला. संगीतिकागृहाच्या मंचावर ठेवलेल्या प्रेषकांपासून निघालेले संकेत तारांनी प्रदर्शनात आणले होते व श्रोते दोन्ही कानांना वेगवेगळे ग्राहक लावून गायन ऐकत. गायक मंचावर इकडून तिकडे गेल्याचे त्यांना जाणवे. ॲलन ब्लुमलाइन (१९०३–४२) या इंग्रज अभियंत्यांनी १९३१ मध्ये ज्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला, त्यात स्टेरिओ ध्वनिमुद्रणाची बहुतेक सर्व मूलतत्त्वे आलेली होती. योगायोगाने याच सुमारास अमेरिकेत जॉर्ज बोशाँ (१८९९–१९४१) यांनी चुंबकीय पिकअप असलेली गिटार तयार केली आणि १९३२ मध्ये ती रिकनबॅकर या नावाने ज्ञात असलेल्या कंपनीतर्फे विक्रीस आली. मात्र हे दोन प्रवाह सुमारे पाव शतक एकमेकांपासून अलगच राहिले. नृत्यगृहातील इतर वाद्यांच्या आवाजात आपले वाद्य ऐकू यावे, एवढीच त्या काळच्या गिटारवादकाची अपेक्षा होती व त्यासाठी एक लहान विवर्धक पुरेसा होता.

ध्वनीला गती देण्याचा एक प्रयोग या मधल्या काळात झाला. डॉनल्ड लेस्ली (१९११–२००४) यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी विद्युत् ऑर्गनसाठी फिरत्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक तयार केला. कर्णा श्रोत्याकडे येताना व दूर जाताना डॉप्लर परिणामामुळे स्वर किंचित चढतो व उतरतो, तसेच ध्वनी भोवताली फिरल्याचा भास होतो. हा ध्वनिक्षेपक पुढे गिटारवादकांनीही स्वीकारला.

स्टेरिओ गिटारी : स्टेरिओ ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये सर्वसाधारण बाजारात आल्या आणि ‘स्टेरिओ’ हा शब्द घरोघरी पोहोचला. वाद्यनिर्मात्यांनी ही लाट तत्काळ ओळखली. ग्रेच कंपनीने त्याच वर्षी जिमी वेबस्टर या वादकाच्या पुढाकाराने स्टेरिओ गिटार पुढे आणली. तीत जाड तीन तारांचा संकेत एका विवर्धकाकडे व बारीक तीन तारांचा दुसऱ्याकडे जात असे. गिब्सन कंपनीने १९५९ मधील ‘ईएस–३४५’ या प्रतिमानात तारांऐवजी पिकअप विभागले : मानेजवळच्या पिकअपचा घुमारदार संकेत एकीकडे व घोडीजवळच्या पिकअपचा तीक्ष्ण संकेत दुसरीकडे. १९६० मध्ये रिकनबॅकरनेही ‘रिक-ओ-साउंड’ या नावाने अशीच दोन निर्गमांची सोय केली. अशा गिटारींसाठी एकाच पेटीत दोन विवर्धक व तिरपे बसविलेले ध्वनिक्षेपक असलेली साधनेही काही काळ बनविली गेली.

या सर्व योजनांत भेद वाद्यातच निर्माण केला होता आणि हेच त्यांचे वैगुण्य ठरले. घरी ध्वनिमुद्रिका ऐकणारा श्रोता दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्यभागी बसू शकतो. नाट्यगृहातील किंवा नृत्यगृहातील शेकडो श्रोत्यांना ते शक्य नसते. डाव्या कडेला बसलेल्या श्रोत्याला ग्रेचच्या गिटारीतील मुख्यतः एकाच बाजूच्या तारा स्पष्ट ऐकू येणार आणि चाल मोडल्यासारखी वाटणार. त्यात दोन विवर्धकांचा खर्च व ओझे यांची भर पडली. त्यामुळे अनेक वादक दोन्ही निर्गम पुन्हा एकत्र जोडून एकाच विवर्धकावर वाजवू लागले. स्टेरिओचा हा पहिला अध्याय अशा रीतीने बहुतांशी जाहिरातीपुरताच राहिला.

अनेक विवर्धकांचा वापर : १९६० नंतरच्या दशकात रॉक संगीताच्या सभा मोठमोठ्या सभागृहांत व मैदानांत होऊ लागल्या. सभागृहातील ध्वनिवर्धन व्यवस्था तोकडी असल्याने वादकांनी स्वतःच्या विवर्धकांची संख्या व शक्ती वाढविली. ‘द हू’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या मागणीवरून मार्शल कंपनीने १९६५ च्या सुमारास १०० वॉट शक्तीचे विवर्धक व ध्वनिक्षेपकांच्या एकावर एक रचलेल्या पेट्या तयार केल्या. येथे हेतू केवळ तीव्रतेचा होता. पण दोन भिन्न बनावटीचे विवर्धक एकदम वाजविल्यास स्वरगुण समृद्ध होतो, हे याच काळात वादकांच्या लक्षात आले. एकाचा स्वच्छ, चमकदार ध्वनी व दुसऱ्याचा विरूपित (मूळ तरंगाचा आकार बदललेला) भरदार ध्वनी एकमेकांना पूरक ठरतात. अमेरिकन वादक स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–९०) यांच्या भारदस्त ध्वनीचा असा एकत्र वापर हा एक महत्त्वाचा घटक होता.

काळाचा भेद : स्टेरिओच्या प्रश्नाचे अधिक टिकाऊ उत्तर वाद्य विभागण्यात नसून संकेताला काळात मागेपुढे करण्यात होते. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे (जन्म १९४७) यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात फितीवरील प्रतिध्वनी-यंत्रांचा उपयोग करून मूळ स्वर एका विवर्धकातून आणि त्याची विलंबित रूपे बाजूच्या दुसऱ्या विवर्धकांतून ऐकविली. वादक आपल्याच मागील स्वरावलीवर नवी स्वरावली वाजवी व एकट्या गिटारीतून दोन-तीन गिटारींचा संवाद उभा राही. १९७४ मधील ‘ब्रायटन रॉक’ या रचनेत हे तंत्र विशेष प्रभावीपणे आढळते. प्रत्येक आवर्तनाला स्वतंत्र विवर्धक असल्याने स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होत नसत. (मे यांनी पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळविली, याच वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात पाचगणी येथे झाले होते.)

फितीची यंत्रे अवजड व नाजूक असत. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर व टीर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या एका अर्धसंवाहक प्रयुक्तीने ही अडचण दूर केली. आग लागली असता माणसांची रांग बादल्या हातोहात पुढे देते, त्याप्रमाणे या प्रयुक्तीत विद्युत् भार एका धारित्राकडून दुसऱ्याकडे सरकत जातो व संकेताला काही मिलिसेकंदांचा विलंब मिळतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘जॅझ कोरस–१२०’ या साधनात ६० वॉटचे दोन विवर्धक व दोन ध्वनिक्षेपक एकाच पेटीत आहेत. एकातून मूळ संकेत व दुसऱ्यातून सतत कमीजास्त होणाऱ्या विलंबाचा संकेत निघतो आणि दोहोंचे मिश्रण तारेत न होता खोलीतील हवेत होते. समूहगायनासारखा भास देणारा हा ‘कोरस’ परिणाम १९७६ मध्ये बॉस या नाममुद्रेखाली पायाने चालविण्याच्या दोन निर्गमांच्या स्वतंत्र पेटीतही मिळू लागला. कोणताही वादक कोणतेही दोन विवर्धक आता स्टेरिओ पद्धतीने जोडू शकत होता. येथे मूळ स्वरावली दोन्ही बाजूंना पूर्ण असल्याने कडेच्या श्रोत्याचे फारसे नुकसान होत नाही; ग्रेचच्या योजनेहून ही योजना टिकली याचे मर्म यातच आहे. १९८० नंतरच्या दशकात अंकीय विलंबयंत्रे आल्यावर मध्यभागी कोरा ध्वनी व दोन्ही बाजूंना प्रतिध्वनी अशी तीन विवर्धकांची रचनाही रूढ झाली.

तांत्रिक अडचणी : दोन विवर्धक जोडताना पहिली अडचण कलेची (तरंगाच्या अवस्थेची) असते. निर्वात नलिकेच्या नेहमीच्या विवर्धन टप्प्यात संकेत उलटा होतो. एका विवर्धकात असे टप्पे सम व दुसऱ्यात विषम संख्येने असल्यास एका ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो. गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्‌झ व तरंगलांबी सुमारे ४ मी. असल्याने शेजारी ठेवलेल्या दोन ध्वनिक्षेपकांचे असे खालचे स्वर एकमेकांना जवळजवळ नाहीसे करतात. फेंडर कंपनीच्या काही विवर्धकांत तर एकाच साधनाच्या दोन शाखा परस्परविरुद्ध कलेच्या आहेत. एका ध्वनिक्षेपकाच्या दोन तारांची अदलाबदल केली की, हा दोष जातो.

दुसरी अडचण श्रोत्याच्या स्थानाची. दोन ध्वनिक्षेपक ३ मी. अंतरावर असून श्रोता त्यांच्या समोर मध्यावर ३ मी. दूर उभा असल्यास दोन्ही ध्वनी एकदम पोहोचतात. तो केवळ ४० सेंमी. बाजूला सरकला, तर मार्गांत सुमारे ३५ सेंमी. म्हणजे १ मिलिसेकंदाचा फरक पडतो. तेवढ्याने ५००, १,५००, २,५०० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर क्षीण होतात व ध्वनी जवळच्या ध्वनिक्षेपकातूनच येत असल्याचे भासू लागते. मंचावर मध्यभागी उभ्या असलेल्या वादकाला जी भव्यता ऐकू येते, ती सभागृहात क्वचितच पोहोचते. त्यातच सभागृहाची ध्वनिवर्धन व्यवस्था एकमार्गी असली, तर दोन्ही विवर्धकांचे संकेत पुन्हा एकत्र होतात आणि नीट न जुळलेले विलंब स्वरगुण बिघडवितात. म्हणून अशी रचना एकमार्गी करूनही ऐकून पाहण्याची पद्धत अनुभवी ध्वनिमुद्रक पाळतात.

सुरक्षितता : तिसरी अडचण प्रत्यक्ष जिवाशी संबंधित आहे. दोन्ही विवर्धक वीजपुरवठ्याच्या भूसंपर्क तारेने व संकेताच्या तारांच्या आवरणाने असे दोन मार्गांनी जोडले गेले की, एक बंद वेटोळे तयार होते. त्यात प्रवाह वाहून भारतातील ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावर त्याच कंप्रतेचा व तिच्या पटींचा गुणगुणाट ऐकू येतो. एका विवर्धकाचा भूसंपर्क तोडला की, गुणगुणाट थांबतो. म्हणून तीन पायांच्या प्लगमधील जाड पायाची जोडणी काढून टाकण्याची अत्यंत घातक सवय अनेक ठिकाणी पडली. अशा विवर्धकात दोष निर्माण झाल्यास गिटारच्या तारांवर वीजपुरवठ्याचा पूर्ण दाब येऊ शकतो आणि वादकाने दुसरी भूसंपर्कित वस्तू, उदा., मायक्रोफोन, धरताच प्रवाह त्याच्या शरीरातून जातो. मायक्रोफोनच सदोष असल्यास तेच उलट दिशेने घडते. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे तरुण स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी स्वान्झी येथे मंचावर नीट भूसंपर्कित नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला. योग्य उपाय असा की, दोन्ही विवर्धकांचे भूसंपर्क शाबूत ठेवावेत, दोहोंना एकाच फलकावरून वीज द्यावी आणि संकेताच्या एका मार्गात १ : १ प्रमाणाचे अलगीकरण रोहित्र घालून वेटोळे तेथे तोडावे. दोन विवर्धकांचे निर्गम मात्र एकाच ध्वनिक्षेपकाला कधीही जोडू नयेत.

अलीकडील स्थिती : १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून विवर्धकाचे वर्तन गणिताने हुबेहूब उभे करणारी अंकीय साधने प्रचारात आली, १९९८ मधील ‘पॉड’ हे त्यांपैकी सुरुवातीचे एक होय. तळहाताएवढ्या पेटीत दोन विवर्धक, त्यांच्या ध्वनिक्षेपकांच्या पेट्या व पुढील मायक्रोफोन यांची प्रतिरूपे एकाच वेळी चालविता येतात. यांमुळे वजन, खर्च व गुणगुणाट यांचे प्रश्न बरेच सुटले आणि वादकाच्या कानातील श्रवणिकांत खरी स्टेरिओ प्रतिमा पोहोचू लागली. तथापि सभागृहातील श्रोत्याचे दोन कान व त्याची जागा पूर्वीसारखीच आहेत. हवेत होणारे दोन ध्वनींचे मिश्रण कोठे बसून ऐकावयाचे, या १९५८ पासूनच्या प्रश्नाचे उत्तर यंत्राइतकेच सभागृहाच्या रचनेवर व वादकाच्या तारतम्यावर अवलंबून राहते.