बेकारी विमा आणि पुराव्याचा भार : ब्रिटन, १९११–१९३०

ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या दुसऱ्या भागाने बेकारी विम्याचा पाया घातला. आठवड्यास ७ शिलिंग, वर्षात अधिकाधिक १५ आठवडे, असा हा लाभ होता. विमा अधिकाऱ्याने मागणी नाकारल्यास मालक व कामगार यांचे प्रतिनिधी आणि अध्यक्ष यांच्या पंचमंडळापुढे अपील होई. त्यावर अंपायरचा निर्णय अंतिम असे.

या रचनेत न्यायाची हमी दिसते. परंतु अर्जदार ‘प्रामाणिकपणे काम शोधीत’ असला पाहिजे, ही अट १९२१ मध्ये वाढीव लाभास व १९२४ मध्ये सर्वच लाभांस लागू झाली. जेथे कामच नव्हते तेथेही शोधाचा पुरावा अर्जदारानेच द्यावयाचा होता. कामाच्या उपलब्धतेपेक्षा त्याची मनोवृत्ती निर्णायक ठरली. १९३० पर्यंत या अटीखाली सुमारे ३० लाख मागण्या फेटाळल्या गेल्या. अपिलाची वाट खुली होती. तथापि पंचांनाही तीच शब्दयोजना बंधनकारक होती.

१९३० च्या कायद्याने ही अट रद्द केली. अर्जदाराने योग्य काम नाकारले, हे आता सिद्ध व्हावे लागे. अपिलाच्या पायऱ्या कायम राहिल्या. पालटला तो पुराव्याचा भार. हक्काची व्याप्ती न्यायमंडळांच्या संख्येपेक्षा कायद्यातील एका क्रियाविशेषणावर अधिक अवलंबून होती, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.